चढावरची हिरवी झेंडी

गुरुवार, ४ तारीख

तू विसरली असशीलच, म्हणून आधीच सांगून ठेवते: तुला एक आत्या आहे. गेल्या वेळी तू माझ्याकडे छत्री विसरलीस, छत्री न्यायला आलीस ती चष्मा ठेवून गेलीस, आणि चष्मा न्यायला जावईबापूंना पाठवलंस तर ते स्वतःचा रुमाल सोडून गेले. अशा घरात आत्या कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून ही वही. जे घडेल ते त्या त्या दिवशी यात घालून ठेवते, म्हणजे पुढे "आई, तू मला कधी सांगितलंच नाहीस" म्हणायला तुला जागा नको.

लिहितायत वरच्या खोलीतल्या भाडेकरू, आपल्या मास्तरीणबाई. मला अक्षर येत नाही, हे तरी तुला आठवत असेल. मी बोलते, त्या लिहितात, आणि शेवटी सगळं मला परत वाचून दाखवतात. ते बरं असतं. मागे छपरावाल्याला पत्र लिहिताना मी "मेला" म्हटलं तिथे त्यांनी "गृहस्थ" लिहिलं, आणि तो गृहस्थ अजून छप्पर बघायला आलेला नाही.

तर आज रेल्वेच्या कचेरीतून पत्र आलं. डोंगरावर जी छोटी गाडी जाते, कोळशाच्या इंजिनाची, तिच्या वाटेवर मधोमध एक फाटक आहे. तिथे तुझी आत्या एकेचाळीस वर्षं फाटकवाली आहे. ते फाटक तीस तारखेला बंद. तिथे आपोआप पडणारा दांडा बसवणार. आत्याने क्वार्टर रिकामं करायचं, आणि जंक्शनवर कामगारांच्या वसतिगृहात तिला एक खाट मिळणार. खाली लिहिलं होतं की आपण त्यांच्या सर्वांत जवळच्या नातेवाईक, म्हणून आपणांस कळवीत आहोत.

मी म्हटलं, "तेवढं पुन्हा वाचा."

मास्तरीणबाईंनी वाचलं.

"हे कुणी ठरवलं?"

"त्यांनीच तुमचं नाव दिलं असणार, आजी. नोकरीच्या कागदावर द्यावं लागतं."

सतरा वर्षांत आमच्यात एक शब्द नाही, आणि म्हणे सर्वांत जवळची! कागद जुना असेल. बदलायचा राहिला असेल.

आमचं काय झालं होतं तेही तुला आठवत नसेल, तू तेव्हा रडण्यात होतीस. तुझे बाबा गेले. सख्खा, पाठचा नव्हे, पुढचा भाऊ. तार गेली, फोन गेला. वन्सं आल्या चौथ्या दिवशी, तेही दोन तासांसाठी, आणि काखेत झेंड्यांची गुंडाळी तशीच. भरल्या घरात मी म्हटलं, "तुम्हाला भावापेक्षा फाटक मोठं." त्यांनी हातातलं पाणी पिऊन संपवलं, पेला धुऊन पालथा घातला आणि निघून गेल्या.

मी काय खोटं बोलले? लिहा, मास्तरीणबाई, प्रश्नचिन्ह घाला. उत्तर नको.

शनिवार, ६ तारीख

मागची खोली उघडली. ओल धरते म्हणून. ओल धरते म्हणूनच भिंतींना चुना मारून घेतला, गादी उन्हात टाकली आणि खिडकीची कडी बदलली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "कुणी येणार आहे का?" मी म्हटलं, "खोलीची काळजी घ्यायला माणूसच यावं लागतं का?"

मास्तरीणबाईंची बदली झाली. पुढच्या महिन्यात त्या जाणार. हे त्यांनीच मला सांगितलं आणि आता त्यांनाच लिहायला लावते आहे, म्हणून त्यांचं नाक लाल झालंय. मला काही वाटत नाही. त्या जिना उतरताना फार धाडधाड करतात. आता घरात शांतता होईल. इतकी वर्षं मला शांतताच हवी होती.

तू मला तुझ्याकडे बोलावू नकोस. तुझ्या घरी मी बोललेलं मुलांना कळत नाही आणि मुलांनी बोललेलं मला ऐकू येत नाही.

सोमवार, ८ तारीख

वन्संना पत्र लिहवलं. मास्तरीणबाईंनी सुरुवातीलाच "आपली फार आठवण येते" असं घातलं होतं. ते काढायला लावलं. आठवण कुणाला येतेय? मी सरळ सांगितलं: खोली रिकामी आहे. वसतिगृहात खाटेवर ढेकूण असतात. रविवारी, एकवीस तारखेला, मी छोट्या गाडीने एक दिवसाची सहल करते आहे. गाडी बघायची राहिली आहे म्हणून. फाटकावर गाडी थांबत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा तुम्ही लाल झेंडी दाखवा. मग मी खाली उतरून बोलेन.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आजी, गाडी अशी कुणासाठी थांबवतात का?"

"भावासाठी नाही थांबवली. बघू या वहिनीसाठी थांबवतात का."

त्यांनी पेन उचलून धरलं. "हे पत्रात घालू?"

"नको. हे वहीत."

सोमवार, १५ तारीख

उत्तर नाही. वन्संनाही माझ्यासारखंच अक्षर येत नाही, तेव्हा कुणी वाचून दाखवलं असेल की नाही देव जाणे. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणतो, "आजी, मी पत्र पोचवतो, उत्तर काढून आणत नाही." फार बोलायला लागलाय.

गादी पुन्हा उन्हात टाकली.

शुक्रवार, १९ तारीख

उत्तर नाही. मी जाणार आहे. मास्तरीणबाईही येणार, रविवारी शाळा नसते. त्यांनी वेळापत्रक आणून सगळं समजावलं. सकाळी इथून पॅसेंजर, दोन तासांत जंक्शन. तिथे पूल ओलांडून पलीकडे छोट्या रुळांवर छोटी गाडी. ती दोन तास चढते. माथ्यावर दीड तास थांबते, इंजिन तोंड बदलतं, पाणी पितं, आणि तीच गाडी परत खाली येते. संध्याकाळची पॅसेंजर धरून दिवे लागायच्या आत घरी.

मी म्हटलं, "आणि फाटक कुठे येतं?"

"वेळापत्रकात फाटक नाही, आजी."

"मग काय उपयोग त्याचा?"

रविवार, २१ तारीख, सकाळ, पॅसेंजर गाडीत

अक्षर वाकडं आहे ते डब्यामुळे. मास्तरीणबाईंचा दोष नाही असं त्यांनीच लिहायला सांगितलंय.

खिडकीशी बसले आहे. समोर एक पेटीवाला बसलाय. पेटीत काय आहे विचारलं तर म्हणाला करवती. धार लावून नेतोय. मी म्हटलं, पाय जरा जपून ठेव. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, जिथे स्टेशन नाही तिथेही थांबते. एका ठिकाणी नुसती एक बाई कपड्यांची दोरी बांधत होती, तिच्यासमोर पाच मिनिटं थांबलो. तिचं सगळं वाळत घालून झालं तेव्हा निघालो.

पिशवीत उकडलेले बटाटे, मीठ, पाव, काकड्या. मास्तरीणबाई म्हणतात सहा माणसांचं झालं. मी म्हटलं, एखादं माणूस वाढलं तर?

त्यांनी विचारलं, त्या उतरू देतील का तुम्हाला? मी म्हटलं, मी काय फळांची करंडी आहे, उतरू द्यायला? पण मास्तरीणबाई, खरं लिहा. रात्री मला झोप नव्हती. घरातून निघताना मी मागच्या खोलीत जाऊन उशीचा अभ्रा सरळ केला. का केला मला माहीत नाही.

त्याच दिवशी, दुपार, माथ्याचं स्टेशन

आता बाकावर बसले आहे, बाक हलत नाही, अक्षर सरळ येईल.

छोट्या गाडीचं सांगते. इंजिन आपल्या मोरीएवढं. काळं, चकचकीत, आणि सारखं कुठून ना कुठून गळतंय, धापा टाकतंय, शिंकतंय. मला बघताक्षणी आवडलं. माझ्याच वयाचं आहे. ड्रायव्हरने हातातल्या बोळ्याने त्याचा पितळी दांडा पुसला, मायेने, लेकराचं नाक पुसावं तसा. डबे इतके अरुंद की समोरच्याचे गुडघे आणि आपले गुडघे एकमेकांची विचारपूस करतात. शिट्टी झाली, एक धक्का बसला, आणि मास्तरीणबाईंच्या पांढऱ्या ओढणीवर पहिला कोळशाचा कण पडला. त्या झटकायला गेल्या आणि तो पसरला. मी गडद रंगाचं नेसून आले होते. अक्षर येत नाही म्हणून अक्कल नाही असं थोडंच आहे.

गाडी चढायला लागली तशी चाल मंदावली. इतकी मंद, की एक माणूस रुळांकडेने चालत आमच्याबरोबर गप्पा मारत आला आणि पुढे निघून गेला. गार्डसाहेब, म्हणजे शेवटच्या डब्यातले, हिरव्या-लाल झेंड्यावाले, डब्याडब्यातून तिकिटं बघत आले. मिशीवाले, पोट सुटलेले, सभ्य. मी त्यांना म्हटलं, "फाटक आलं की सांगा, मला उतरायचंय."

"आजी, तिथे थांबा नाही."

"माझी नणंद लाल दाखवणार आहे."

ते हसले नाहीत. मला हसले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "त्या?" आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

मग वळण आलं, आणि वळणानंतर फाटक.

एक खोली, कौलारू. बाहेर चार कोंबड्या. दोन्हीकडे पांढरे-तांबडे दांडे पडलेले, पलीकडे एक बैलगाडी आणि सायकलवाला थांबलेला. आणि दांड्याशी ताठ उभ्या वन्सं. केस पांढरे झालेत. खाकी कोट, तोच असावा, आता खांद्यांना मोठा होतोय. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने त्यांच्यासमोरून गेली. माझी खिडकी त्यांच्यापासून हातभर. मी हाक मारली, "वन्सं!"

उजव्या हातात हिरवी झेंडी. सरळ, न हलणारी. डोळे चाकांवर. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडी पुढे गेली. गार्डसाहेबांनी मागच्या डब्यातून वाकून त्यांच्या हातात एक पिशवी दिली, त्यांनी ती डाव्या हाताने घेतली. उजवा तसाच. पिशवीला जागा आहे, वहिनीला नाही.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "ऐकू गेलं नसेल." इंजिनाचा आवाज होता हे खरं. पण मी सात घरांना ऐकू जाईल असं बोलते, हे तुला माहीत आहे.

मी म्हटलं, "छान झालं. मला माथा बघायचाच होता." आता माथा बघते आहे. एक शेड, एक पाण्याची टाकी, एक माकड नाही की झाड नाही. छान आहे.

बटाटे काढले. गार्डसाहेब आणि ड्रायव्हर शेजारच्या बाकावर डबे उघडून बसले होते, त्यांना दिले. ड्रायव्हरचे हात काळे, त्याने बटाटा काट्याने उचलला, मॅनर्स आहेत. मी सहज विचारलं, फाटकवाली नेहमीच असं तोंड फिरवून उभी असते का?

ड्रायव्हर म्हणाला, "तोंड नाही फिरवत, आजी. चाकं बघतात. कुठलं गरम झालंय, कुठून धूर येतोय. मागच्या वर्षी त्यांनीच सांगितलं म्हणून एक डबा वाचला."

"आणि लाल का नाही दाखवली? मी पत्र पाठवलं होतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ड्रायव्हर मुलाला समजावावं तसं म्हणाला, "तो सगळ्यात खडा चढ आहे. तिथे चढती गाडी थांबवली तर पुन्हा उचलत नाही. चाकं जागच्या जागी फिरतात. वाळू टाका, काही करा. पार खाली परत जाऊन, वाफ भरून, पुन्हा दौड घ्यावी लागते. त्या फाटकावर कुणी चढत्या गाडीला लाल दाखवली तर समजायचं, पुढे दरड आहे किंवा पूल पडलाय. त्यांनी दाखवली असती ना, तर मी घाबरूनच मेलो असतो."

मास्तरीणबाईंनी मला कोपर मारलं.

"आणि उतरत्या गाडीला?" मी विचारलं.

"उतरती थांबते. ब्रेक लावला की थांबली."

गार्डसाहेबांनी काकडीचा तुकडा मीठ लावून खाल्ला. म्हणाले, "थांबते, पण त्या थांबवणार नाहीत. एकेचाळीस वर्षांत त्यांची एक लाल नाही. विनाकारण लाल म्हणजे वहीत कारण लिहावं लागतं, साहेबांना जाब द्यावा लागतो. तीस तारखेला मोठे साहेब येणार आहेत सत्काराला. एकही लाल नाही म्हणून. भिंतीवरचं घड्याळ देणार आहेत."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. "कुणी घड्याळ सोडून नणंद-भावजयीचं भांडण का घेईल?"

हे मी हसून म्हटलं. मास्तरीणबाई, हसून म्हटलं असं लिहा.

आता इंजिन दुसऱ्या टोकाला लावतायत. मी काही कुणाची वाट बघत नाही. फक्त परतीला डावीकडची खिडकी धरा म्हटलं मास्तरीणबाईंना. फाटकाची खोली त्या बाजूला आहे.

मंगळवार, २३ तारीख, फाटकावरून

अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. हे लिहितायत रुळांचे मुकादम. ते रोज सकाळी हातोडा घेऊन रूळ ठोकत येतात आणि इथे चहाला थांबतात. त्यांना जोडाक्षरांचा कंटाळा आहे. मी सोपं बोलते आहे.

मुकादम म्हणतात, मला कंटाळा नाही, आजी घाई करतात. बरं. तेही लिहा.

तर परवा उतरती गाडी निघाली. मास्तरीणबाईंनी माझा हात धरला होता, का ते त्यांनाच माहीत. वळण आलं. मी डोळे मिटून घेतले, कोळशाचे कण येतात म्हणून. मग इंजिनाने अशी किंचाळी मारली की कानठळ्या बसल्या, आणि ब्रेक, आणि सगळे पुढच्याच्या अंगावर, आणि गाडी थांबली.

डोळे उघडले तर खिडकीत वन्सं. हातात लाल.

ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकून ओरडला, "काय झालं? काय झालं?" गार्डसाहेब वही घेऊन धावत आले, टोपी एका बाजूला. सगळे डबे खिडक्यांतून बाहेर.

"कारण?" गार्डसाहेबांनी विचारलं. पेन उलटं धरलं होतं, माणूस साधा आहे.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांनी. म्हणाल्या, "लिहा, वहिनी."

"वहिनी हे कारण होत नाही हो, बाई."

"मग लिहा, गाडीत अडथळा."

पूर्ण गाडी हसली. अडथळा म्हणजे मी! ड्रायव्हरने तर शिट्टीच वाजवली. गार्डसाहेबांनी लिहिलं, आणि वन्संनी शाई लावून त्याखाली अंगठा उठवला. एकेचाळीस वर्षांतला पहिला. घड्याळ गेलं.

मी खिडकीतूनच म्हटलं, "वन्सं, चढा. खोली तयार आहे."

"माझं काम तीस तारखेपर्यंत आहे, वहिनी."

"बाकीच्यांनी बघावं की!"

"कोण बघणार?"

हेच. सतरा वर्षांपूर्वी हेच म्हणाल्या असतील त्या, फोन आला तेव्हा. कोण बघणार. आणि खरंच, मी मान वळवून पाहिलं, तर दोन्हीकडे दांडे पडलेले, पलीकडे एक बाई डोक्यावर गवत घेऊन उभी, आणि इथे दुसरं कुणी नाही. लांबपर्यंत कुणीच नाही.

गार्डसाहेब म्हणाले, "आजी, ठरवा. संध्याकाळची पॅसेंजर जंक्शनला तुमच्यासाठी थांबणार नाही."

मी उतरले. गुडघ्यांनी जेवढं उतरू दिलं तेवढं. मास्तरीणबाईंनी खिडकीतून पिशवी दिली, वही दिली, आणि स्वतःची कोळशाने माखलेली ओढणी माझ्या खांद्यावर टाकली, संध्याकाळी गार होतं म्हणून. गाडी गेली. वन्संनी दांडे वर केले, गवतवाली गेली. मग झेंड्या गुंडाळल्या आणि म्हणाल्या, "जेवलात का?"

मी म्हटलं, "जेवून आले आहे. तुमच्यासाठी बटाटे आणले होते, ते ड्रायव्हरने खाल्ले."

मुकादमांना उशीर होतोय. त्यांना एवढंच विचारलं की माझं पत्र इथे कुणी वाचलं? ते म्हणतात, त्यांनीच. तीनदा. तिसऱ्यांदा त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी विचारलं, मग उत्तर का नाही? मुकादमांनी उत्तर लिहू का विचारलं होतं. त्या म्हणाल्या, उत्तर कशाला, त्या येणारच आहेत.

हे ठीक आहे. पण माणसाने उत्तर द्यावं.

शनिवार, २७ तारीख, फाटकावरून

मुकादमांनी आज दोन कप चहा घेतलाय, तेव्हा थोडं जास्त लिहू देतील. लिहून झालं की ही वही आजच्या उतरत्या गाडीने गार्डसाहेबांच्या हाती तुझ्याकडे धाडते.

मी इथे मजेत आहे. काम असं: घंटी वाजली की वन्सं दांडे पाडतात, मी कोंबड्या आत घेते. त्या म्हणतात कोंबड्या एकेचाळीस वर्षांत एकदाही रुळावर गेल्या नाहीत. मी म्हणते, मग आता मी आले तर सुधारल्या असं समजा. चढती गाडी येते तेव्हा ड्रायव्हर मला हात करतो आणि गार्डसाहेब मागच्या डब्यातून वाकून विचारतात, "अडथळा ठीक आहे ना?"

मोठ्या साहेबांचा निरोप आला. सत्कार होईल, घड्याळ नाही. वन्सं म्हणाल्या, "बरं झालं. टिकटिक मला सहन होत नाही." खरं की खोटं, मला काय ठाऊक.

काल दुपारी पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, काहीच नव्हतं. आम्ही दोघी खोलीत बसलो होतो. फळीवर वह्यांची चळत आहे, गेलेल्या गाड्यांची. वन्संना अक्षर येत नाही, म्हणून एक गाडी गेली की एक रेघ. वर जाणारीला उभी, खाली येणारीला आडवी. पानंच्या पानं नुसत्या रेघा. मी म्हटलं, "हे तर मलाही वाचता येईल." मग मी म्हटलं, "तुमचा दादा गेला तो दिवस कुठला यात?"

खरं तर हे मला विचारायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

वन्सं उठल्या. चळतीतली खालून पाचवी वही काढली. उघडली. पान त्यांना शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथेच उघडली. त्या वेळी दिवसाला तीन गाड्या वर, तीन खाली. तीन उभ्या रेघा, तीन आडव्या. आधीच्या दिवसासारख्याच, नंतरच्या दिवसासारख्याच. एकही वाकडी नाही. पुढच्या दोन दिवशीही तशाच. मग चौथ्या दिवशी कुणा बदली माणसाच्या हातच्या, वेड्यावाकड्या.

वही जुनी झालीय. शिवण सैल झाली असेल, म्हणून तिथे उघडत असेल.

मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हटलं, "वन्सं, मी त्या दिवशी भरल्या घरात बोलले ते..."

"वहिनी, चहा गार होतोय."

मी चहा प्यायले. गारच झाला होता.

नंतर त्या झेंड्यांना बसलेली धूळ झटकत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "तुमच्या त्या खोलीची खिडकी कुठे उघडते?"

"मागे. मोठ्या गाडीच्या रुळांकडे."

"दिवसाला किती जातात?"

"मी कधी मोजल्या नाहीत."

"कुणीतरी मोजायला हव्यात," वन्सं म्हणाल्या.

मी लाल झेंडी उचलली आणि झटकायला लागले.

तीस तारखेची उतरती गाडी आमच्यासाठी थांबणार आहे. या वेळी साहेबांच्या हुकमाने, म्हणजे वहीत कारण द्यायला नको. सामान फार नाही: एक ट्रंक, एक कंदील, चार कोंबड्या. कोंबड्यांचं तिकीट लागतं का हे गार्डसाहेब विचारून सांगणार आहेत. मास्तरीणबाईंना निरोप दे, की गादी आणखी एकदा उन्हात टाका आणि मी येईपर्यंत जाऊ नका. आणि ट्रंक घरी न्यायला जावईबापूंना पाठव, रुमाल न्यायला म्हणून का होईना.

आता खाण्याचं, नीट वाच. अंडी पाठवू नकोस, अंड्यांनी आम्ही त्रासलो आहोत. सोमवारच्या सकाळच्या आत जंक्शनवर गार्डसाहेबांकडे एक पिशवी दे: मऊ पाव, लोणी आणि चांगली पिकलेली केळी. ते चालत्या गाडीतून देतील, तेव्हा काचेची बरणी नको. कडक बिस्किटं अजिबात नकोत, वन्संचे पुढचे दात नाहीत. त्या म्हणतायत हे लिहू नका, मुकादम, तुम्ही लिहा. आणि एक तारखेपासून जे पाठवशील ते घरच्या पत्त्यावर, सगळं दोघींच्या मापाचं. शेंगदाणे दोन पुड्यांत पाठव: अख्खे मला, कुटलेले तिला.